स्वस्ताईचा भुर्दंड बिलोलीने का भरावा?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात राजधानी दिल्लीत एका आकड्याचे मोठे कौतुक झाले. ऑक्टोबर महिन्यातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के इतका खाली आला होता. २०१२ हे आधारवर्ष मानणाऱ्या मालिकेतील हा नीचांक. अन्नपदार्थांच्या बाबतीत तर महागाई उरलीच नव्हती; वर्षापूर्वीच्या तुलनेत भाव सुमारे पाच टक्क्यांनी उतरले होते. आदल्या वर्षीच्या चढ्या भावांशी होणारी तुलना आणि सप्टेंबरात झालेली जीएसटीची कपात यांचा त्यात वाटा होता, हे मान्य. परंतु दूरचित्रवाणीवरील अर्थपंडितांना त्या तपशिलात रस नव्हता. रिझर्व्ह बँकेने आता व्याजदर किती कमी करावेत, घरांची आणि मोटारींची मागणी किती वाढेल, याच्या चर्चा रंगल्या.

त्याच ऑक्टोबरात नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेल्या बिलोली तालुक्यात सोयाबीनच्या राशी होत होत्या. केंद्र सरकारने त्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला होता. मराठवाड्याच्या मोंढ्यांत प्रत्यक्ष भाव होता चार हजारांच्या आसपास. अतिवृष्टीत भिजलेल्या, डागी मालाला त्याहून कमी. शासकीय खरेदी सुरू व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि गरजवंताचा माल व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन पडला होता.

महागाईचा नीचांक आणि सोयाबीनचा नीचांक या दोन वेगळ्या घटना नव्हेत. एका घटनेच्या या दोन बाजू आहेत. ग्राहकाच्या खिशात उरलेल्या पैशातील मोठा वाटा उत्पादकाच्या खिशातून काढलेला असतो. ज्या व्यवहाराला दिल्लीत 'महागाईवर नियंत्रण' असे भारदस्त नाव आहे, त्याला बिलोलीच्या बांधावर काय म्हणतात, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

मांजरेच्या काठचा हिशेब

बिलोली हा काही दुष्काळाने करपलेला, निसर्गाने टाकून दिलेला मुलूख नाही. मांजरा नदी तालुक्याच्या सीमेवरून वाहत पुढे गोदावरीला मिळते. जमीन काळी, कसदार आहे. खरिपात सोयाबीन, तूर, कापूस, मूग, उडीद, रब्बीत हरभरा, पाण्याची सोय असेल तेथे भात, ऊस, हळद. सगरोळीसारख्या गावात संस्कृती संवर्धन मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनचे वाण दिले, बदनापूरच्या संशोधन केंद्राने 'बीडीएन ७११' सारखी लवकर येणारी तूर दिली. शास्त्रज्ञाने आपले काम केले आणि शेतकऱ्याने ते बियाणे रानात पेरले. उणीव आहे ती पीक हाती आल्यानंतरच्या धोरणाची.

ही उणीव काय करते, ते एका साध्या हिशेबाने कळेल. पाच एकर सोयाबीन पेरणारा एक शेतकरी धरा. एकरी पाच क्विंटल उतारा पडला, तर त्याच्या खळ्यावर पंचवीस क्विंटल माल येतो. हमीभावापेक्षा क्विंटलमागे बाराशे रुपये कमी मिळाले, तर त्याचे तीस हजार रुपये बुडाले. आता शहरातील चौघांचे कुटुंब घ्या. महिन्याला तीन किलो तूरडाळ लागते असे धरा. ती किलोमागे वीस रुपयांनी महागली, तर त्या घराचा खर्च महिन्याला साठ रुपयांनी, म्हणजे वर्षाला सातशेवीस रुपयांनी वाढतो. तेलाचा भार धरला तरी हा आकडा फार तर दुप्पट-तिप्पट होईल. सातशे-दोन हजारांच्या झळीने मंत्रालये खडबडून जागी होतात आणि तीस हजारांचा खड्डा कोणाच्या निर्देशांकातही उमटत नाही, हा कोणता न्याय?

'भाव नव्हता तर माल थांबवून ठेवायचा', असा शहाजोग सल्ला शहरातून हमखास मिळतो. थांबवायचा कशाच्या बळावर? कृषी सेवा केंद्राची बियाण्या-खताची उधारी राशीवर फेडायची असते. मळणी यंत्रवाल्याला रोख द्यावी लागते. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली असते. नांदेडला शिकणाऱ्या मुलाची फी असते. शेतकरी ऑक्टोबरात विकतो तो भाव पटला म्हणून नव्हे, दुसरा इलाज नसतो म्हणून. आणि नेमकी हीच गोष्ट बाजाराला पक्की ठाऊक असते.

तुरीचा धडा आणि न शिकलेले गुरुजी

या धोरणाचे खरे रूप पाहायचे असेल तर तुरीची कहाणी पुन्हा एकदा उजळली पाहिजे. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन २५.६ लाख टनांवर घसरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि देशात हाहाकार उडाला. साठ्यांवर मर्यादा आल्या, छापे पडले. जुलै २०१६ मध्ये आफ्रिकेतील मोझांबिक देशाशी करार होऊन तेथून होणारी डाळींची आयात पाच वर्षांत वर्षाला एक लाख टनांवरून दोन लाख टनांवर नेण्याचे ठरले.

त्याच वेळी येथील शेतकऱ्यालाही साद घालण्यात आली. बोनससह ५,०५० रुपये हमीभाव जाहीर झाला. शेतकऱ्याने राष्ट्राची हाक ऐकली. पावसानेही साथ दिली. २०१६-१७ मध्ये तुरीचे उत्पादन ४८.७ लाख टनांवर गेले. एका वर्षात जवळजवळ दुप्पट! जगातील कोणत्याही देशाने अशा शेतकऱ्याचा सत्कार केला असता. आपण काय केले? त्याच आर्थिक वर्षात ६६ लाख टन डाळी परदेशातून आणल्या. तुरीचा भाव चार हजारांच्या खाली गेला. शासकीय खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, गोदामे भरली, मराठवाडा-विदर्भात ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदीची मुदत संपली, तेव्हा हजारो शेतकरी माल घेऊन रांगेतच उभे होते. ओरड झाली तेव्हा कोठे पुढील खरेदीची तजवीज झाली.

याहून संतापजनक भाग पुढे आहे. तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ मध्येच, म्हणजे पीक रानात उभे असतानाच, डाळींवरील निर्यातबंदी आणि साठामर्यादा उठवावी, असे सुचवले होते. ही निर्यातबंदी २००६ पासूनची. ती तूर, मूग आणि उडदासाठी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये. तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्ट २०१७ मध्ये. शेतकऱ्याची शेवटची पोती मोंढ्यात रिकामी झाल्यावर शासनाला जाग आली. भाव चढला की काही दिवसांत हालचाल आणि भाव पडला की हंगाम उलटल्यावर निर्णय, हे ते वेळापत्रक. सरकारे बदलली, वेळापत्रक बदलले नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. त्यानंतरच्या वर्षांत देशाचे तुरीचे उत्पादन पुन्हा ४८ लाख टनांच्या उंचीवर गेले नाही. १५ मे २०२१ रोजी तुरीची आयात पुन्हा खुली झाली आणि ही सवलत वर्षामागून वर्षे वाढवत नेली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली. हा वाटाणा बेसनात, डाळीत मिसळतो आणि हरभऱ्याचा भाव खाली ओढतो. २०२४-२५ मध्ये डाळींची एकूण आयात ७० लाख टनांच्या पुढे गेली. त्यात वीस लाख टनांहून अधिक पिवळा वाटाणाच होता. त्यावर ३० टक्के शुल्क लागले ते १ नोव्हेंबर २०२५ पासून, जवळजवळ दोन वर्षांनी. आणि याच काळात, २०२७ च्या अखेरपर्यंत देश डाळींत स्वयंपूर्ण करण्याचा संकल्पही सोडण्यात आला होता. संकल्प स्तुत्य आहे. परंतु एका हाताने अर्घ्य सोडायचे आणि दुसऱ्या हाताने बंदराचे दार उघडायचे, याने संकल्प सिद्धीस जात नाहीत.

अठ्ठेचाळीस तासांची गोष्ट

सोयाबीनची कथा याहून वेगळी नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन प्रथमच दहा हजारांवर गेले. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा फारसा माल नव्हता, तरी पुढच्या पिकाची आशा होती. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्य उद्योगाच्या मागणीवरून बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी मिळाली. ही पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. असे सोयाबीन येथील शेतकऱ्याने पेरले तर तो गुन्हा; परदेशी शेतकऱ्याने पेरलेले बंदरावर उतरले तर ते धोरण! ऑक्टोबर २०२१ मध्ये, नेमके राशीच्या दिवसांत, कच्च्या पामतेलावरील, सोयातेलावरील आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातशुल्क शून्य झाले. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद झाले आणि मग त्या बंदीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली. पेरणीच्या वेळी पुढच्या भावाचा अंदाज घेण्याचे एक साधन होते, तेही गेले.

शून्य शुल्काची ही मेहरबानी १४ सप्टेंबर २०२४ पर्यंत चालली. त्या दिवशी कच्च्या तेलावर २० टक्के मूळ शुल्क लागले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हा योगायोग ज्याचा त्याने समजून घ्यावा. प्रचारात एका बाजूने सोयाबीनला सहा हजारांची भाषा झाली, दुसऱ्या बाजूने सात हजारांची. प्रत्यक्षात ४,८९२ रुपयांचा हमीभावही मोंढ्यात मिळत नव्हता. महाराष्ट्रात सुमारे ११ लाख टन सोयाबीनची शासकीय खरेदी झाली, ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांवर शिथिल झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खरेदी केंद्रापर्यंत पोहोचेतो ज्यांनी माल विकून टाकला, त्यांच्या वाट्याला त्यातले काय आले?

आता २०२५ चे वर्ष पाहा. २८ मे रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सोयाबीनच्या हमीभावात ४३६ रुपयांची वाढ करून तो ५,३२८ रुपये केला. वृत्तपत्रांत मथळे झळकले. ३० मे रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. मथळ्याची शाई वाळायच्या आत, अवघ्या अठ्ठेचाळीस तासांत, हमीभावाच्या खालचा आधार काढून घेण्यात आला. तेलाचा भाव उतरला की तेलबियांचा उतरणारच. हे बिलोलीतील अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या मुनिमालाही कळते. कृषी मंत्रालय भाव जाहीर करते, आयातीचा निर्णय दुसरीकडे होतो आणि शेतकरी दोघांच्या मध्ये चिरडला जातो.

कापसाचेही तेच. ७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या दडपणाला उत्तर देताना पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, अशी ग्वाही दिली. सारा देश त्या भूमिकेमागे उभा राहिला. परंतु १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ झाले आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. वेचणीचा सारा हंगाम त्यात निघून गेला. ग्वाही आणि अधिसूचना यांतले हे अंतर ज्या यंत्रणेने निर्माण केले, तिला जाब विचारणे हे सरकारच्या हितचिंतकांचे पहिले कर्तव्य आहे.

घाण्यापासून बंदरापर्यंत

जुन्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल, मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात करडईचे तेल असे. गावोगावी घाणे होते. जवस, तीळ, भुईमूग, करडई यांनी हा भाग समृद्ध होता. १९८६ मध्ये राष्ट्रीय तेलबिया अभियान सुरू झाले. तंत्रज्ञान, खरेदी आणि आयातीवरील नियंत्रण यांची योग्य सांगड पडली आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. पिवळी क्रांती म्हणतात ती हीच. ती कोणा परक्या तज्ज्ञाने केली नव्हती; कोरडवाहू शेतकऱ्याने केली होती.

मग १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली आणि चार वर्षांत हे शुल्क १५ टक्क्यांच्या आसपास उतरवण्यात आले. घाणे बंद पडले. करडईची राने हरभऱ्याने आणि सोयाबीनने घेतली. परभणीचा 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण सरस असूनही पेरणाऱ्याला भाव मिळेना. आज देश वर्षाला दीडशे लाख टनांहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. गरजेच्या निम्म्याहून जास्त. त्यापायी वर्षाकाठी लाख कोटींहून अधिक रुपये देशाबाहेर जातात. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि आपल्या फोडणीतले सूर्यफूल तेल कडाडले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा दिल्लीच्या काळजाचा ठोका चुकला. जो देश फोडणीसाठी दुसऱ्याच्या बंदराकडे डोळे लावून बसतो, त्याच्या स्वावलंबनाच्या घोषणा कितपत खऱ्या?

यावर जागतिक व्यापार संघटनेकडे बोट दाखवले जाते. ते साफ चुकीचे आहे. त्या संघटनेत भारताने सोयातेलावर ४५ टक्के आणि पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा राखून ठेवलेली आहे. हात बांधलेले नाहीत. हात उचलण्याची इच्छा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले आणि आठ महिने होण्याच्या आत शुल्क निम्मे झाले. अभियानाने पेरायचे आणि आयातीने उपटायचे, असा हा खेळ आहे.

गरिबाच्या नावाने

'शेतमालाचे भाव वाढले तर गरिबाने खायचे काय?' हा प्रश्न नेहमी पुढे केला जातो. प्रश्न खरा आहे, पण तो विचारणारे बहुधा गरीब नसतात. सुमारे ८१ कोटी देशबांधवांना जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य मोफत मिळते. त्यांना डाळही मिळावी, अशी तळमळ असेल तर शासनाने येथील शेतकऱ्याची तूर हमीभावाने घेऊन रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात द्यावी. गरिबाला स्वस्त अन्न देणे हे समाजाचे, राष्ट्राचे कर्तव्य आहे. ते राष्ट्राच्या तिजोरीतून पार पडावे. त्याचा खर्च एकट्या सोयाबीनवाल्याच्या आणि तूरवाल्याच्या डोक्यावर टाकणे, याला करुणा म्हणत नाहीत. आणि गरीब म्हणजे तरी कोण? बिलोलीतील दोन एकरांचा धनी आणि त्याच्या रानात निंदणीला जाणारी मजूर बाई गरिबांत मोडत नाहीत काय? मोंढा पडला की त्या बाईची मजुरी आधी थांबते.

दुसरा आक्षेप मुक्त बाजारवाल्यांचा. जागतिक भाव तोच खरा, असे ते म्हणतात. मग परदेशात भाव चढे असताना निर्यातबंदी का? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट बंदी, हे कोणत्या मुक्त बाजाराचे लक्षण? शरद जोशी यांनी 'उणे सबसिडी' हा शब्द रूढ केला त्याला आता दशके लोटली. त्यांच्या सर्वच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. पण शेतकऱ्याला दिले जाते त्याहून अधिक त्याच्याकडून काढून घेतले जाते, हे त्यांचे निदान कोणाला खोडता आलेले नाही. येथील बाजार एकाच बाजूने मुक्त आहे. आत येणाऱ्याला दार उघडे, बाहेर जाणाऱ्याला कडी.

आणि ज्यांना परंपरेचा दाखला हवा त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. जो माल विपुल झाला असेल तो पण्याध्यक्षाने एकत्र करून त्याला भाव चढवून द्यावा, असे तेथे सांगितले आहे. विपुलतेच्या वर्षी उत्पादक बुडू नये ही राजाची जबाबदारी, हे या भूमीला दोन सहस्र वर्षांपूर्वी ठाऊक होते. विपुलतेच्या वर्षी परदेशी माल आणून भाव पाडणारा पण्याध्यक्ष मात्र कौटिल्याच्या कल्पनेत नव्हता.

येसगीच्या पुलापलीकडे

या साऱ्याचे एक परिमाण केवळ आर्थिक नाही. बिलोलीहून बोधनकडे जाताना मांजरेवरचा येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण लागते. माती तीच, पाऊस तोच, सोयरीक दोन्हीकडची. परंतु पलीकडच्या शेतकऱ्याला जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळू लागली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'रयतु बंधू' योजनेत एकरी, प्रत्येक हंगामाला चार हजार रुपये सुरू झाले, पुढे पाच हजार झाले. २०२५ पासून 'रयतु भरोसा' या नावाने सहा हजार जाहीर झाले. त्याचे भात हमीभावाने घेणारी केंद्रे गावोगावी उघडतात.

नेमक्या याच काळात धर्माबाद, बिलोलीसह नांदेडच्या सीमेवरील अनेक गावांतून 'आम्हाला तेलंगणात सामील करा' अशी मागणी पुढे आली. २०२२ मध्ये ती पुन्हा उठली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी आपल्या राज्याबाहेरची पहिली मोठी सभा घेतली ती नांदेडलाच. त्यांची सत्ता त्याच वर्षाअखेर गेली. उधळपट्टीच्या योजना राज्याला कोठे नेतात, हा वेगळा विषय आहे. परंतु संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या मराठवाड्याने कोणतीही अट न घालता साथ दिली, त्याच मराठवाड्याच्या गावांना परक्या भाषेच्या राज्यात जावेसे वाटावे, ही महाराष्ट्राला मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती. निझामाच्या राजवटीतून सुटण्यासाठी १९४८ पर्यंत ज्यांनी रक्त सांडले, त्यांच्या नातवंडांना ही भाषा बोलावी लागते, ती भाषिक अस्मिता ओसरली म्हणून नव्हे, मोंढ्यातली पावती पाहून.

करायचे काय?

पहिली गोष्ट, आयातशुल्क हमीभावाशी बांधावे. बंदरावर उतरणारी डाळ किंवा तेल, शुल्कासह, येथील हमीभावाने पडणाऱ्या किमतीपेक्षा स्वस्त असता कामा नये. भाव वाढले तर शुल्क आपोआप उतरेल, पडले तर आपोआप चढेल. मग ना ग्राहक लुटला जाईल, ना उत्पादक.

दुसरी, पेरणीपासून विक्रीचा हंगाम संपेपर्यंत आयात-निर्यातीचे धोरण बदलू नये. जूनमध्ये एक नियम पाहून पेरायचे आणि ऑक्टोबरात दुसऱ्या नियमाने विकायचे, हा विश्वासघात आहे.

तिसरी, शासकीय खरेदी राशीसोबत सुरू व्हावी. बारदाना, चाळण्या, गोदामे यांची तयारी ऑगस्टमध्ये करता येते. त्यासाठी ब्रह्मज्ञान लागत नाही.

चौथी, १९९० पासून चालत आलेली शेतमाल तारण योजना प्रत्येक बाजार समितीने प्रामाणिकपणे राबवावी. मालाच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा टक्क्यांनी मिळाले, तर ऑक्टोबरात विकण्याची सक्तीच उरणार नाही.

पाचवी, हमीभाव ठरवताना जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज खर्चात धरावे. स्वामिनाथन आयोगाने दीडपट म्हटले ते या सर्वंकष खर्चाच्या. २०१८ पासून दिले जाते ते त्याहून कमी खर्चाच्या. भारतीय किसान संघाने १९ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर लाभकारी मूल्याची मागणी केली, ती याच अर्थाने. दत्तोपंत ठेंगडींनी उभारलेली ही संघटना सरकारच्या रंगाकडे पाहून आपली मागणी मवाळ करत नाही, हे तिचे भूषण आहे. आपल्या विचारांचे सरकार असले म्हणजे आपली जबाबदारी संपत नाही, उलट दुणावते. विरोधकाचे टोचणे सरकार कानाआड करते. आपल्या माणसाचे बोलणे त्याला ऐकावेच लागते.

आपले स्वयंपाकघर

शेवटी प्रश्न आपल्या घरापाशी येतो. ग्राहक निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत अन्नपदार्थांचा भार सुमारे ४६ टक्के होता. म्हणून महागाई आवरायची तर आधी शेतमाल आवरायचा, अशी सवय राज्यकर्त्यांना लागली. ती सवय त्यांना आपण लावली आहे. रुग्णालयाचे बिल, शाळेचे शुल्क, मोबाइलचा खर्च वाढला की आपण निमूटपणे भरतो. डाळ दहा रुपयांनी वाढली की सरकार पाडायला निघतो. राज्यकर्ता अखेर मतदाराच्या कपाळावरची आठी वाचतो.

स्वदेशी ही केवळ सभेत ऐकायची आणि दिवाळीत चिनी माळांवर संपणारी गोष्ट नव्हे. तेलाच्या पिशवीवर पाम लिहिले आहे की करडई, हे आपण किती जण पाहतो? बेसनात वाटाणा मिसळला आहे का, हे कधी विचारतो? शाखेतून, महिला मंडळातून, गृहनिर्माण संस्थेतून वीस घरांनी एकत्र येऊन मराठवाड्यातील एखाद्या शेतकरी गटाची तूरडाळ आणि करडईचे तेल वर्षाचे एकदम, रास्त भावाने घ्यावे. त्यात दान नाही, उपकार नाही. तो चोख व्यवहार आहे. त्याच वीस घरांनी आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे: आमच्या डाळीला दहा रुपये जास्त लागले तरी चालतील, पण हंगामात आयात नको.

असे पत्र दिल्लीला आजवर फारसे गेलेले नाही. शेतकऱ्याची निवेदने तेथे पोत्यांनी पडली आहेत; ग्राहकाचे निवेदन गेले तर निर्णय घेणाऱ्यांची मोठी अडचण होईल, कारण ज्याच्या नावाने हे सारे चालते तोच समोर उभा राहून 'माझ्या नावाने हे करू नका' असे सांगत असेल. पुढची पेरणी होण्याआधी ते सांगितले गेले पाहिजे.